एका क्रियापदाची दुरुस्ती

प्राणिशास्त्र शिकवण्याच्या अठ्ठावीस वर्षांत मी एक वाक्य इतक्या वेळा उच्चारले आहे की, ते आता झोपेतही न अडखळता येईल. ‘तोंडाच्या छतातून एक पिशवी वर जाते, मेंदूच्या तळातून एक देठ खाली येतो, दोघे भेटतात आणि पीयूषिका ग्रंथी तयार होते.’ पीयूषिका म्हणजे पिट्युटरी, मेंदूच्या तळाशी लोंबणारी, संप्रेरके सोडणारी ग्रंथी. हे सांगून झाले की मी फळ्यावर दोन बाण काढत असे, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा. मग मुले एकेक करून खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकापाशी येत आणि ७२ तासांच्या कोंबडीच्या भ्रूणाचा गुलाबी-जांभळा छेद पाहून जात. उत्तरपत्रिकांत ते वाक्य शब्दशः परत येई आणि मी त्याला पूर्ण गुण देई. त्यातले ‘भेटतात’ हे क्रियापद खटकावे असे माझ्या मनात कधीही आले नाही, कारण चित्रात ते दोघे खरोखरच भेटलेले दिसत.

ते खटकले निवृत्तीनंतर, आणि तेही घरातच. माझ्या भाचीला मुलगी झाली. बाळ अखेरपर्यंत फिरले नव्हते, पाय खाली होते, म्हणून शस्त्रक्रियेने प्रसूती झाली. घरात ‘पायाळू’ म्हणून कौतुक सुरू झाले. पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी कळते, त्याची लाथ लागली की धरलेली कंबर सुटते, पण विजेपासून मात्र त्याला जपावे लागते, या सगळ्या गोष्टी माझ्या थोरल्या बहिणीने नव्याने आजी झाल्याच्या उत्साहात सांगून टाकल्या. दुसऱ्या दिवशी बाळाच्या रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली गेली. ती सलाइनमधून वर आणली, पुन्हा खाली गेली. कावीळ दोन आठवड्यांत उतरायला हवी होती, ती सहाव्या आठवड्यातही डोळ्यांत दिसत होती. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन केलेल्या चाचणीत ‘थायरॉइड नॉर्मल’ असे लिहून आले होते आणि त्या दोन शब्दांवर सगळे निर्धास्त राहिले.

त्या चाचणीचा दोष नव्हता. तिला विचारलेला प्रश्नच अर्धा होता. बहुतेक ठिकाणी नवजात बालकांची ही तपासणी टीएसएच या संप्रेरकावर बेतलेली असते. मानेतली अवटू (थायरॉइड) ग्रंथी नीट चालत नसेल, तर पीयूषिका टीएसएचचा मारा वाढवते आणि वाढलेला आकडा पाहून आजार पकडला जातो. पण मारा करणारी पीयूषिकाच दुबळी असेल, तर आकडा वाढतच नाही आणि कागदावर सगळे ठीक दिसते. पुढे एका डॉक्टरांनी टीएसएचबरोबर अवटूचे संप्रेरक थायरॉक्सिन मोजले, ताणाच्या वेळी शरीराला सावरणारे कॉर्टिसॉल मोजले, दोन्ही फार कमी निघाले, आणि मग एमआरआय झाला.

अहवालात कामाच्या ओळी तीनच होत्या. पीयूषिकेचा पुढचा भाग आकाराने अगदी लहान आहे. मेंदूला तिच्याशी जोडणारा देठ दिसत नाही. मागच्या भागाचा जो पांढरा ठिपका ग्रंथीच्या जागी चमकायला हवा, तो वर, मेंदूच्या तळाशीच अडकलेला आहे. भाची महाविद्यालयात माझीच विद्यार्थिनी होती. तिने फोन केला आणि रडून झाल्यावर अगदी शांतपणे विचारले, ‘मावशी, तू हेच शिकवायचीस ना? दोघे भेटतात म्हणून? मग हिच्यात का नाही भेटले?’

मला उत्तर देता आले नाही. दोन माणसांची चुकामूक झाली तर ती रस्ता चुकली असे म्हणता येते. पण चुकामूक झाली तरी माणसे शाबूत राहतात. इथे एक जण वरच अडकला होता आणि दुसरा जेमतेम उगवून खुरटला होता. नुसती भेट हुकली असती, तर पिशवीपासून होणारा पुढचा भाग निदान पूर्ण वाढलेला दिसायला हवा होता. त्या रात्री मी माझ्या जुन्या टिपणांची वही काढली आणि नंतरचे कित्येक महिने, माझ्या शिकवण्याच्या काळात उलगडत गेलेले पण माझ्या वर्गापर्यंत न पोचलेले संशोधन वाचत राहिले.

या ग्रंथीच्या वाट्याला गैरसमज नेहमीच आले आहेत. वाटाण्याएवढा आकार, जेमतेम अर्धा ग्रॅम वजन, आणि बसायला कवटीच्या तळातले तुर्की खोगिराच्या आकाराचे हाड. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या परंपरेतल्या वैद्यांना वाटे की मेंदूतला कफ हिच्यातून गळून नाकात उतरतो. ‘पिट्युटरी’ या शब्दाच्या मुळाशी कफ हाच अर्थ आहे. आपल्याकडच्या परिभाषाकारांनी ‘पीयूषिका’ हे नाव निवडले तेव्हा कफाच्या जागी अमृत आले. संस्कृतात पीयूष म्हणजे अमृत, आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूध, म्हणजे आपला चीक, हाही त्याचा अर्थ आहे. आईच्या अंगावर दूध तयार करणारे संप्रेरक याच ग्रंथीतून निघते हे ध्यानात घेतले, तर खरवसाची आठवण करून देणारे हे नाव मूळ नावापेक्षा किती तरी नेमके ठरते.

मार्टिन राथके या जर्मन भ्रूणशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये तोंडाच्या छतातून वर जाणाऱ्या त्या पिशवीचे वर्णन केले आणि ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. माणसाच्या गर्भात ती चौथ्या आठवड्यात दिसू लागते. हा हिशेब गर्भधारणेपासूनचा आहे. पाळीच्या तारखेपासून मोजणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर तो सहावा आठवडा असतो, म्हणजे पुष्कळ जणींना आपल्याला दिवस गेले आहेत हे नुकतेच कळलेले असते. भ्रूण तेव्हा चार-पाच मिलिमीटरांचा असतो. पिशवीपासून ग्रंथीचा पुढचा भाग होतो. मेंदूच्या तळातून, पुढे हायपोथॅलॅमस होणाऱ्या भागातून, खाली उतरणाऱ्या देठापासून मागचा भाग होतो. तोंडाशी असलेला पिशवीचा सांधा पुढे झिजून तुटतो आणि मधे हाड तयार होते. येण्याच्या वाटेवर मागे राहिलेला त्याच पेशींचा एखादा पुंजका नाकामागे, घशाच्या छतात, मोठ्या माणसातही सापडतो.

इथवर माझे वाक्य चुकलेले नाही. चुकले आहे ते दोन बाणांचे चित्र, कारण त्या चित्रात दोघे परके आहेत, लांबून येत आहेत आणि समान आहेत. यातली एकही गोष्ट खरी नाही.

परके नाहीत, हे फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या भ्रूणांवर दाखवले. लाव्ह्याच्या पेशींचे केंद्रक रंगवल्यावर कोंबडीच्या पेशींपेक्षा वेगळे दिसते. त्यामुळे लाव्ह्याच्या भ्रूणातला चिमुकला तुकडा कोंबडीच्या भ्रूणात त्याच जागी बसवला, तर त्याचे वंशज पुढे कुठे जाऊन बसतात हे ओळखता येते. मेंदूची नळी मिटण्याआधी, तो सपाट पत्र्यासारखा असताना, त्या पत्र्याच्या अगदी पुढच्या काठाच्या पेशी पीयूषिकेचा पुढचा भाग होतात आणि त्यांना लागूनच आत असलेल्या पेशी हायपोथॅलॅमस होतात, असे या प्रयोगांतून दिसले. पुढे मेंदू फुगतो, डोके दुमडते, काठ खाली वळून तोंडाच्या छतात जातो आणि आपण त्याला ‘तोंडातून आलेली पिशवी’ म्हणू लागतो. प्रत्यक्षात ती मेंदूला पहिल्या दिवसापासून चिकटून होती. एकाच चाळीत भिंतीला भिंत लागून वाढलेल्या दोन मुलांना मी इतकी वर्षे वेगवेगळ्या गावांहून आलेले पाहुणे ठरवत होते.

आणि ते समान नाहीत, हे उंदरांनी दाखवले. मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालेने. मेंदूच्या त्या तळातून दोन प्रकारची प्रथिने पाझरतात, असे त्यात दिसते. पहिल्याचे नाव बीएमपी४. तळाच्या खाली लागून असलेल्या पेशींच्या थराला जाड होऊन आत वळायला हे लावते. ज्या उंदरांत बीएमपी४चे जनुकच नाही, त्यांच्यातले बहुतेक फार लवकर मरतात, पण जे थोडे पुढे जातात त्यांच्यात पिशवी उगवायला सुरुवातही होत नाही. दुसरा संदेश एफजीएफ या कुळातल्या प्रथिनांचा, आणि तो उगवलेल्या पिशवीला वाढवतो. तो कसा ओळखला गेला, ही गोष्ट मला एखाद्या उत्तम रहस्यकथेइतकी आवडते. एनकेएक्स२.१ नावाचे एक जनुक आहे. ते मेंदूच्या तळात चालू असते. पिशवीत ते चालू नसतेच. संशोधकांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर पाहिले, तेव्हा त्यांच्यात मेंदूचा तो भाग बिघडलेला होता आणि तिथून एफजीएफ८ येणे बंद झाले होते. बीएमपी४ मात्र येत होते, म्हणून पिशवी उगवली. उगवली, आणि काही दिवसांत तिच्या पेशी एकामागून एक स्वतःहून मरून ती नाहीशी झाली. पिशवीच्या पेशींत जे जनुक कधी वापरलेच जात नाही, ते काढल्याने पिशवी मेली. एफजीएफ१० हे त्याच कुळातले दुसरे प्रथिन काढल्यावरही असेच घडते: पिशवी येते आणि विझते.

म्हणजे मेंदूचा तळ पिशवीला नुसता सामोरा येत नाही. आधी तो तिला उठवतो, आणि उठवल्यावर जगत राहण्याची परवानगी तिला रोज देत राहतो. ‘परवानगी’ हा शब्द जरा नाटकी आहे, हे मान्य. पण पेशींच्या जगात संदेश थांबला की मरणे ही नेहमीची रीत आहे आणि तिला याहून सौम्य शब्द मला सापडलेला नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावा अधिकच विलक्षण आहे. हेस्क्स१ नावाचे जनुक बिघडलेल्या काही उंदरांत मेंदूच्या तळातला एफजीएफ१० पाझरणारा पट्टा नेहमीची हद्द सोडून पुढे पसरतो, आणि तो जिथे जिथे पसरतो तिथे खालच्या छतात आणखी पिशव्या उगवतात. एकीच्या जागी दोन-तीन. तोंडाच्या छताचा तो थर जणू तयारच बसलेला असतो; पिशवी कुठे आणि किती, हे वरचा मजला ठरवतो. याच जनुकातला दोष १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एका कुटुंबातल्या भावंडांमध्येही शोधला. त्यांच्यात पीयूषिका दुबळी होती, दृष्टिचेता अविकसित होत्या आणि मेंदूच्या मध्यरेषेवरचे भागही नीट झालेले नव्हते. डोळा, मेंदूचा मध्य आणि ग्रंथी हे तिन्ही एकत्र का बिघडतात, हे कोडे दोन बाणांच्या चित्राने सुटत नाही. तिघांचे घर एकाच काठावर होते हे कळले की सुटते. आमच्या बाळाच्या जनुकांत डॉक्टरांना काहीच ठोस सापडले नाही, आणि अशा बहुसंख्य मुलांत ते सापडत नाही. तिचे डोळे चांगले आहेत. ते कळले त्या दिवशी भाचीने मला फोनवर तेवढेच सांगितले आणि फोन ठेवला.

पिशवी तगली की तिच्यातही मेंदूकडची बाजू आणि दूरची बाजू असा फरक पडत जातो. मेंदूच्या देठालगतच्या पेशी एफजीएफच्या प्रभावाखाली विभागत राहतात. तिथून खाली-पुढे सरकलेल्या पेशी विभागणी सोडून एकेक काम पत्करतात. कुणी मूत्रपिंडावर बसलेल्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीला हुकूम देणारे संप्रेरक बनवते, कुणी अवटूला, कुणी वाढीचे, कुणी दुधाचे. एफजीएफ८चा प्रभाव मुद्दाम पिशवीभर पसरवला, तर पेशी वाढत राहतात आणि त्यांतल्या बऱ्याच प्रकारच्या पेशी कामाला लागत नाहीत, हेही उंदरांत पाहिले गेले आहे. कधी आवरते घ्यावे हे शेजाऱ्यांना कळणे जसे महत्त्वाचे, तसेच इथेही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण माझी बहीण ज्या चाळीत राहिली तिथले शेजारी पाहता ही उपमा मी इथेच सोडते.

आपल्या पुस्तकांत पीयूषिकेला ‘ग्रंथींची स्वामिनी’ म्हणण्याची पद्धत होती. मीही तसेच शिकवले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात तो मान हिरावून घेतला. मेंदूच्या तळातून निघणारे रासायनिक हुकूम देठावरच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून ग्रंथीच्या पुढच्या भागात उतरतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९५२ मध्ये त्यांनी डोरा याकोबसोन यांच्यासह उंदरांची पीयूषिका काढली आणि दुसऱ्या पीयूषिकेचे तुकडे मेंदूखाली दोन वेगळ्या ठिकाणी बसवले. हायपोथॅलॅमसच्या थेट खाली बसवलेला तुकडा पुन्हा काम करू लागला, मेंदूच्याच दुसऱ्या भागाखाली बसवलेला तुकडा जिवंत राहूनही निकामी ठरला. ते हुकूम कोणत्या रेणूंचे असतात हे शोधल्याबद्दल रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हॅरिस तोपर्यंत हयात नव्हते. मी हे सारे ‘मोठ्या प्राण्यांतील नियंत्रण’ या प्रकरणात शिकवत असे आणि राथकेची पिशवी ‘भ्रूणविकास’ या प्रकरणात, सहा महिन्यांच्या अंतराने. त्या दोन प्रकरणांत एकच गोष्ट चाललेली आहे हे मला दिसले नाही. हुकूम पोचवण्याची व्यवस्था तयार होण्याआधी, हुकूम झेलणारी पेशीच तयार होण्याआधी, तोच मेंदूचा तळ त्याच जागी उभा राहून तिला घडवत असतो.

घडवणे आणि चालवणे ही दोन कामे मात्र एकच नव्हेत. ज्या अभागी बाळांची कवटी आणि मेंदूचा वरचा भाग तयारच होत नाही, त्यांच्यात पीयूषिकेच्या पुढच्या भागाच्या पेशी बहुधा सापडतात, पण अधिवृक्क ग्रंथी अगदी चिमुकल्या असतात. ग्रंथी घडली, पण तिला वरून कुणी हुकूमच दिले नाहीत. आमच्या मुलीत घडवणेच अर्धवट राहिले. तरीही ती जन्मली तेव्हा लांबीला आणि वजनाला इतर बाळांसारखीच होती, आणि ‘वाढीचे संप्रेरक नाही म्हणता, मग ही वाढली कशी?’ असा रास्त प्रश्न तिच्या आजीने विचारला. पोटातल्या वाढीचा भार इन्सुलिन आणि त्याच्यासारखी दिसणारी वाढ-प्रथिने वाहतात; पीयूषिकेच्या वाढ-संप्रेरकाची खरी गरज जन्मानंतर पडते. म्हणूनच हा दोष नऊ महिने कुणाला दिसत नाही.

आता त्या ‘पायाळू’बद्दल. देठ तुटलेली, मागचा भाग वर अडकलेली पुष्कळ मुले पायांकडून जन्मलेली आढळतात, हे डॉक्टरांच्या फार पूर्वी लक्षात आले होते. एमआरआय आल्यावर आधी असा तर्क झाला की, उलट्या प्रसूतीत डोके अडकून ओढ बसते आणि देठ तुटतो. भाचीच्या मनात हीच शंका घर करून बसली होती आणि ती स्वतःला दोष देत होती. पण तिचे बाळ शस्त्रक्रियेने अलगद बाहेर काढले होते. शिवाय ज्या मुलांत देठाबरोबर डोळ्यांचे किंवा मध्यरेषेचे दोषही असतात, त्यांचा उलगडा ओढीने होत नाही. आज बहुतेक तज्ज्ञांचा कल उलट दिशेला आहे: बिघाड भ्रूणावस्थेतला, पहिल्या काही आठवड्यांतला, आणि बाळाचे न फिरणे हा कदाचित त्याचाच परिणाम. मी हे तिला तीन वेळा समजावले. चौथ्यांदा तिने मला थांबवून सांगितले की तिला पहिल्यांदाच पटले होते, फक्त पुन्हा ऐकायचे होते.

जपानमध्ये २०११ मध्ये हिदेताका सुगा आणि योशिकी सासाई यांच्या गटाने उंदराच्या मूळ पेशींपासून प्रयोगशाळेतल्या ताटलीत पीयूषिकेच्या पुढच्या भागाची ऊती तयार केली. निव्वळ पीयूषिकेच्या पेशी बनवण्याऐवजी त्यांनी पेशींच्या एकाच गोळ्यात आत हायपोथॅलॅमससारखी ऊती आणि बाहेर तोंडाच्या छतासारखा थर असे दोन्ही तयार होऊ दिले, आणि मग बाहेरच्या थरातून आपोआप राथकेसारख्या पिशव्या आत वळल्या. पीयूषिका काढलेल्या उंदरांत ती ऊती बसवल्यावर तिने आपले संप्रेरक रक्तात सोडले. ग्रंथी हवी असेल तर तिचा शेजारीही वाढवावा लागतो, हे ताटलीतही टळले नाही. माणसांच्या उपचारापर्यंत ही वाट आलेली नाही, हे मी भाचीला आधी सांगितले आणि प्रयोग नंतर.

मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. रात्री झोपण्यापूर्वी वाढीच्या संप्रेरकाचे इंजेक्शन, सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, दिवसातून तीन वेळा कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन. यातही क्रम पाळावा लागला होता: आधी कॉर्टिसॉलची भरपाई, नंतर थायरॉक्सिन, कारण उलट केले तर थायरॉक्सिनने वाढलेली मागणी भागवायला शरीरात कॉर्टिसॉल नसते आणि बाळ कोसळू शकते. ती बडबडी आहे, हट्टी आहे, आणि सुईला तिने ‘मुंगीताई’ असे नाव दिले आहे.

निरोगी माणसाला ताप आला, दगड लागला, भीती वाटली की मेंदूचा तळ पीयूषिकेला कळवतो, ती अधिवृक्काला कळवते आणि कॉर्टिसॉल कित्येक पटींनी वाढते. आपल्याला त्याची वार्ताही नसते. या मुलीत तो निरोप खाली उतरायला वाटच नाही. म्हणून त्यांच्या फ्रिजवर, इंजेक्शनच्या पेनच्या कप्प्यासमोर, डॉक्टरांनी लिहून दिलेला एक कागद चिकटवला आहे: इतका ताप असेल तर डोस दुप्पट, त्याहून अधिक असेल तर तिप्पट, उलटी होऊन औषध पडले तर थांबायचे नाही, मांडीत इंजेक्शन देऊन सरळ रुग्णालय गाठायचे. मागच्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होते. मध्यरात्री दोनच्या सुमारास भाची उठली, तिने मुलीच्या कपाळाला हात लावला, थर्मामीटर काखेत धरला, दिव्याच्या उजेडात आकडा वाचला आणि स्वयंपाकघरात जाऊन दुसरी गोळी चमच्यात विरघळवू लागली.